सव्वा तासाचा फरक

पुण्याचे घर बंद करून अंदमानास जावयाचे ठरले, त्या वेळी त्या घरात आम्ही दोघेच उरलो होतो. मी आणि चिकू. चिकू ही आमची लॅब्राडोर जातीची कुत्री. रंग पिकल्या चिकूच्या गरासारखा, वय आठ वर्षे, वजन चौतीस किलो. तिला घरी आणली माझ्या पत्नीने, वाढविली तिनेच, आणि पत्नी गेल्यावर ती मला वारसाहक्काने मिळाली असे म्हणावयास हरकत नाही. पत्नीस जाऊन दोन वर्षे झाली होती. कन्या केंद्र सरकारच्या नोकरीत. तिची तीन वर्षांसाठी पोर्ट ब्लेअरला बदली झाली. २०२४ च्या सप्टेंबरात त्या शहराचे नाव श्री विजयपुरम असे झाले आहे; परंतु बाजारात, रिक्षात आणि माझ्या तोंडी अद्याप जुनेच नाव येते. "बाबा, तुम्ही आता एकटे राहायचे नाही," असे ती फोनवर रोज म्हणे. "मी एकटा कुठे आहे? चिकू आहे की," असे मी उत्तर देई.

चिकूला बरोबर नेण्यास आप्तांपैकी कोणाचीच अनुमती नव्हती. सांगलीचे मेहुणे मनाने अत्यंत सरळ. ते म्हणाले, "दाजी, म्हाताऱ्या जनावराला समुद्रापलीकडे कशाला नेता? आमच्या मळ्यावर सोडा. मोकळी हिंडेल." खरे सांगावयाचे तर हा सल्ला मला पटू लागला होता. एका रविवारी तिला घेऊन मळ्यावर जाऊनही आलो. उसाच्या कडेला गाडी उभी केली, दार उघडले. चिकू उतरलीच नाही. मागच्या आसनावर पाय रोवून बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मेहुण्यांनी चहा पाजला आणि आम्ही दोघेही आलो तसे परत निघालो. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

छत्तीस वर्षे बँकेत आकडे पाहण्यात गेल्यामुळे कोणतीही गोष्ट आकड्यांत मांडल्याखेरीज मला स्वस्थता वाटत नाही. मी कागदावर दोन स्तंभ आखले. पुण्याचा एप्रिल अडतीस-चाळीस अंशांचा; पोर्ट ब्लेअरला वर्षभर दुपारचे तापमान तीस-बत्तीसच्या आसपास, रात्री चोवीस-पंचवीस. थंडी नाही, लू नाही. ज्या कुत्रीने पुण्याचे आठ उन्हाळे काढले, तिला तेथे सुखच लाभेल, असा निष्कर्ष मी काढला आणि खाली रेघ मारली. हा निष्कर्ष साफ चुकीचा होता. चूक माझी, किंमत मात्र चिकूने मोजली.

प्रवासाची तयारी यथासांग झाली, इतके समाधान मला घेऊ द्यावे. विमानात सामानकक्षातून जाणाऱ्या कुत्र्यासाठी पिंजरा लागतो. त्यात त्याला ताठ उभे राहता आले पाहिजे आणि स्वतःभोवती वळता आले पाहिजे. तो पिंजरा आम्ही दीड महिना आधीच आणून बैठकीत ठेवला. प्रथम त्याचे दार काढून टाकले. आत पत्नीच्या जुन्या सुती साडीची घडी अंथरली. चिकूचे जेवण आधी पिंजऱ्याबाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत, असे सरकवत नेले. तिसऱ्या आठवड्यात ती दुपारची झोप आपण होऊन आत घेऊ लागली, तेव्हा दार बसविले. पुण्याच्या पशुवैद्यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली होती : गुंगीचे औषध द्यावयाचे नाही. माणसाला वाटते, झोपेत प्रवास होईल. परंतु त्या औषधाने श्वास आणि रक्तदाब मंदावतात आणि सामानकक्षात ते पाहावयास कोणी नसते. पाण्याच्या भांड्यात आदल्या रात्री बर्फ गोठवून ठेवावा, म्हणजे पाणी सांडत नाही आणि सावकाश वितळून पिता येते, ही युक्तीही त्यांचीच. कागदपत्रांत लसीकरणाची वही, प्रकृतिप्रमाणपत्र, छायाचित्रे. एका खिडकीवर मात्र पिंजऱ्याच्या मापावरून तासभर वाद झाला. शेवटी मीच खिशातून मोजपट्टी काढली. निवृत्त अधिकाऱ्याने मोजपट्टी बाळगू नये असे कोठे लिहिलेले नाही.

पुण्याहून चेन्नई, तेथे रात्रीचा मुक्काम, आणि सकाळी बंगालच्या उपसागरावरून दोन तासांहून थोडे अधिक उड्डाण. खिडकीतून प्रथम निळे पाणी, मग एकाएकी गर्द हिरवी बेटे आणि त्यांच्या कडेला फिकट पोपटी पाण्याची किनार दिसते. विमानतळाला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आहे. मराठी माणसाचे मन तेथे उतरताना जरा भरून येतेच. परंतु माझे सारे लक्ष सामानाच्या दाराकडे होते. पिंजरा आला. चिकू आत बसून होती, साडीची घडी तिने तोंडाशी ओढून घेतली होती. दार उघडले तशी ती बाहेर आली, मला हुंगले, कन्येला हुंगले, आणि विमानतळाच्या आवारातील पहिल्याच झाडाखाली दीर्घकाळ उभी राहिली. जानेवारीचा मध्य होता. पुण्यात आदल्या पहाटे मी स्वेटर घालून तिला फिरावयास नेले होते.

कन्येचे घर साउथ पॉइंट भागात, चढावर. तेथून खाली उतरले की कॉर्बिन्स कोव्हकडे जाणारा रस्ता लागतो. एका हाताला समुद्र, कडेला माड. इतका सुंदर सकाळचा रस्ता मला आयुष्यात लाभला नव्हता. पाचव्या दिवशी मी पुण्याच्या शिरस्त्याप्रमाणे साडेसातला चिकूला घेऊन निघालो. दोन किलोमीटर गेलो असू. ती मागे पडू लागली. मला वाटले, नवे वास हुंगते आहे. परतीच्या चढावर ती बसली. साखळी हलकेच ओढली तर उठली, चार पावले लटपटत चालली आणि आडवी झाली. जीभ गडद लाल, लाळ दोरीसारखी घट्ट, डोळे माझ्याकडे असूनही मला पाहत नाहीत असे. पुढे जे घडले ते मला नीट क्रमाने आठवत नाही. शहाळी विकणारा एक गृहस्थ बादली घेऊन धावला, तिच्या पोटावर, काखांत, तळव्यांवर पाणी ओतीत राहिला आणि मला म्हणाला, "साहब, हवा करो, हवा!" मी हातातील वर्तमानपत्राने वारा घालीत होतो. एका रिक्षावाल्याने चौतीस किलोचे ते ओले शरीर उचलून मागच्या बाकावर ठेवले. त्याने भाडे घेतले नाही.

दवाखान्यात ताप मोजला तेव्हा तो १०५ अंशांच्या वर होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट. सलाईन लावले, पंखा लावला, अंग ओले ठेवले. दुपारी दोनच्या सुमारास तिने मान उचलून पाणी चाटले. डॉक्टर तरुण होते, तरी माझ्याशी ते जेवढे स्पष्ट बोलले तेवढे बँकेतही कोणी बोलले नसेल. मी माझे दोन स्तंभ त्यांना सांगितले. ते म्हणाले, "काका, पुण्याच्या चाळीस अंशांत हवा कोरडी असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो तळव्यांना. तो धापा टाकून जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाळवतो आणि त्यातून थंड होतो. इथे हवाच पाण्याने भरलेली. वाळणार काय? तिच्यासाठी इथले तीस अंश हे तुमच्या पुण्याच्या चाळिसापेक्षा जड आहेत. आणि तुम्ही तिला सूर्य वर आल्यावर दोन तासांनी बाहेर काढलेत." मी म्हटले, साडेसातच वाजले होते. ते म्हणाले, "घड्याळात."

त्या रात्री कन्या म्हणाली, "बाबा, मामाला फोन करू का?" तिच्या बोलण्यात दोष नव्हता, भीती होती. मी काही उत्तर दिले नाही. चिकू पंख्याखाली पिंजऱ्यातील साडीवर झोपली होती आणि झोपेतही धापत होती. डॉक्टरांनी एवढेच सांगितले होते की, शरीराला नव्या हवेची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तोवर तिचे श्रम अगदी कमी करा, चार-सहा किलो वजन उतरवा, आणि मग ठरवा. मी महिनाभराची मुदत घेतली.

दुसऱ्या दिवशी अबर्डीन बाजारातून एक जाड वही आणली आणि रकाने आखले : वेळ, ऊन की ढग, किती मिनिटे चालली, धाप थांबण्यास किती मिनिटे लागली, किती पाणी प्यायली, काय खाल्ले. पहिल्या आठवड्यात केवळ पाच मिनिटे चालणे, तेही घराभोवती. धाप थांबावयास अठरा-वीस मिनिटे लागत. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटे. लॅब्राडोरचे दाट केस कापून टाकावेत असा सल्ला शेजारच्या दोघा-तिघांनी दिला. डॉक्टरांनी नको म्हटले. तो दुपदरी कोट उन्हापासूनही राखण करतो, फक्त आतील मऊ लव रोज विंचरून काढावयाची. रोज ओंजळभर लव निघे. ती माडांखाली ठेवली की बुलबुल घरट्यासाठी घेऊन जात, हे मी पुढे पाहिले.

या वहीनेच मला एक गोष्ट दाखविली. जेवणाच्या रकान्यात मी रोज लिहीत होतो : "साडेसात वाजता दिले. अर्धे खाल्ले." आणि शेऱ्याच्या रकान्यात : "साडेचारपासून वाडग्यापाशी उभी." हा शेरा सलग नऊ दिवस आला. मला वाटले होते, आजारामुळे तिचे भान हरपले आहे. नवव्या दिवशी शेरा लिहिताना बाहेर पाहिले. पाच वाजून गेले होते आणि सूर्य बुडत होता.

मग हिशेब मांडला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळची. पुणे त्याच्या पश्चिमेस, सुमारे ७४ अंशांवर. पोर्ट ब्लेअर पूर्वेस, पावणेत्र्याण्णव अंशांवर. फरक पावणेएकोणीस अंश. अंशाला चार मिनिटे. एकूण पंचाहत्तर मिनिटे. देश एक, घड्याळ एक, परंतु सूर्य सव्वा तास आधी. जानेवारीत पुण्याला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पोर्ट ब्लेअरला पावणेसहाच्या आत उगवतो आणि सव्वापाचला दिवस संपतो. मे महिन्यात तर पहाटे पाचलाच उजाडते. मनगटावरील घड्याळ बदलावे लागले नाही, म्हणून वेळही बदललेली नाही, असे मी गृहीत धरले होते.

राहिला वाडग्याचा प्रश्न. माझ्या पत्नीचे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असे. या मासिकाच्या वाचकांस ते निराळे सांगावयास नको. पानावर बसण्याआधी ती चिकूचे वाडगे भरी. हिवाळ्यात साडेपाच-पावणेसहाला, उन्हाळ्यात साडेसहाला. मी बँकेतून आठ वाजता येणारा मनुष्य; सहा वर्षे हे रोज घडत होते आणि मला ठाऊक नव्हते. ती गेल्यावर चिकूला मी माझ्या सोयीने साडेसातला वाढू लागलो. ती संध्याकाळी लवकरच वाडग्यापाशी जाऊन उभी राही, आणि मी त्याला हावरटपणा म्हणे. पावणेसहातून सव्वा तास वजा केला. साडेचार.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी वाडगे भरले. चिकूने ते चाटूनपुसून स्वच्छ केले. रकान्यात तेवढेच लिहिले. कन्या कार्यालयातून आली तेव्हा तिला वही दाखविली. ती बराच वेळ ते पान पाहत राहिली, मग म्हणाली, "आई साडेपाचला ताट घ्यायची. मीपण विसरले होते."

तेव्हापासून आमच्या घराचा दिवस सूर्याच्या हिशेबाने चालू लागला. पहाटे पाचला फिरणे, सहाच्या आत परत, दुपारी खिडक्यांना ओले पडदे आणि फरशीवर झोप, साडेचारला जेवण, अंधार पडल्यावर पुन्हा थोडे फिरणे. रस्त्यावर हाताची पाठ टेकवून पाच सेकंद धरता येत नसेल तर तिचे तळवेही त्यावर टेकवावयाचे नाहीत, हा डॉक्टरांचा नियम. जेवणाबाबत फारसा प्रश्न नव्हता. तिचा आहार पुण्यातही डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरविलेला शाकाहारी खाद्याचा, जोडीला भात, मुगाचे वरण आणि दही. कुत्र्याला कांदा-लसूण विषासमान असतो, हे डॉक्टर गंभीरपणे सांगू लागले तेव्हा मला हसू आले. ते पथ्य आमच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. भाजीपाला मात्र तेथे पुष्कळसा मुख्य भूमीवरून जहाजाने वा विमानाने येतो आणि दुधीभोपळ्याचा भाव ऐकून पुणेकराने गप्प बसावे हे बरे.

शेजारी एक बंगाली आजी आहेत. त्यांचे वडील फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून या बेटांवर आले आणि त्यांना जंगल तोडून शेत करावयास जमीन मिळाली. साऱ्या गल्लीत त्यांना माशिमा म्हणतात. मासळीवाचून कुत्रा जगतो कसा, हे कोडे त्यांना सुटले नाही. परंतु आमचे ऐकून त्या चिकूसाठी लाल भोपळा उकडून ठेवू लागल्या. एक गंमत मात्र रोज होई. चिकूला आज्ञा मराठीत कळतात. माशिमा हिंदीत "बस, बस" म्हणून तिला आवरू पाहत आणि ती तत्काळ खाली बसे. माशिमांना वाटे, कुत्री फार आज्ञाधारक आहे. पुष्कळ दिवस आम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

एकविसाव्या दिवशी वहीत "पंचवीस मिनिटे चालली, धाप सहा मिनिटांत थांबली" अशी नोंद आहे. महिन्याची मुदत संपली तेव्हा वजन एकतीस किलो होते. सांगलीला फोन केला, तो खुशालीचा.

समुद्राची तिची ओळख मात्र सावधपणे करून द्यावी लागली. लॅब्राडोर पाण्याची वेडी. कॉर्बिन्स कोव्हला तिने पहिल्या दिवशी खारे पाणी पोटभर प्यायले आणि रात्रभर घर धुवावे लागले. त्यानंतर गोड्या पाण्याची बाटली बरोबर घेतल्याशिवाय किनारा नाही, आणि आल्यावर अंग धुऊन कान कोरडे केल्याशिवाय घरात प्रवेश नाही. बोलणे सोपे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात मार्च-एप्रिलमध्ये धनीखारी धरण आटत जाते आणि नळाला दिवसाआड पाणी येते. कुत्रीच्या स्नानाचे पाणी मी माझ्या बादलीतून काढी. पाण्याची साठवण म्हणजे डास. आणि डासांतून कुत्र्याच्या हृदयात कृमी होतात. त्यासाठी रक्त तपासून महिन्याची गोळी सुरू केली. गोचिडांसाठी निराळी गोळी. त्यांच्यापासून येणारा ताप रक्तातील बिंबाणू उतरवितो आणि आरंभी केवळ सुस्ती दिसते, म्हणून "आज नेहमीपेक्षा निजून आहे" हा शेराही वहीत गांभीर्याने लिहावा लागे.

तेथील खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. वंडूरच्या किनाऱ्यावर तसे फलक लावलेले आहेत. शहराबाहेर सिप्पीघाटला २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात जमीन सुमारे मीटरभर खचली आणि भातशेतांत समुद्र शिरला, तो परत गेला नाही. आता तेथे पाण्यात वाळलेली झाडे उभी दिसतात. दृश्य विलक्षण आहे; परंतु कुत्र्यासह पाण्याच्या कडेला जाण्याची ती जागा नव्हे. मी तेथे चिकूला गाडीतच ठेवले. कन्या खिडक्या उघड्या ठेवून तिच्याजवळ बसली.

कुत्र्याला बेटापासून जपण्याची माहिती सर्व जण देतात. बेटाला कुत्र्यापासून जपावे, हे मला माशिमांच्या नातवाने सांगितले. तो वनखात्यात आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी येथे बंदिवानांची वसाहत केली, त्यापूर्वी अंदमानच्या मूळ रहिवाशांना कुत्रा हा प्राणीच ठाऊक नव्हता. पुढे त्यांनी तो डुकरांच्या शिकारीसाठी आनंदाने स्वीकारला. परंतु येथील पशुपक्ष्यांना त्याची सवय नाही. हिवाळ्यात रात्री समुद्रकासवे वाळूत अंडी घालावयास येतात आणि मोकाट कुत्री ती घरटी उकरतात. म्हणून किनाऱ्यावर साखळी कधीही सोडावयाची नाही, आणि अंधार पडल्यावर वाळूवर जावयाचेच नाही. शिवाय रेबीज देशभर असला तरी अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही बेटे त्यापासून मुक्त मानली गेली आहेत. पुण्याहून जाणाऱ्या कुत्र्याने ती लस वेळेवर घेणे, हे केवळ त्याच्या मालकाच्या सोयीसाठी नाही. चिकूच्या लसीकरणाची वही मी तेव्हापासून माझ्या पासबुकांबरोबर ठेवतो.

मे महिन्याच्या उत्तरार्धात पाऊस आला. देशात मोसमी वारे प्रथम या बेटांवर पोहोचतात, हे शाळेत पाठ केले होते. अंगावर घेतले तेव्हा कळले. त्या पावसाला पुण्याच्या पावसासारखी उघडीप ठाऊक नाही. सप्टेंबरपर्यंत एक पाऊस, मग ईशान्येचा दुसरा, डिसेंबरपर्यंत. कपाटातील चामडी पट्ट्यावर बुरशी, चिकूच्या कानांत बुरशी. लोंबते कान ही दमट हवेत मोठी अडचण. एक दिवसाआड औषधाने पुसून, कान पाठीमागे उलटे टाकून पंख्याखाली बसवावे लागे. त्या वेळी ती इतकी केविलवाणी दिसे की, कन्या हसून आत निघून जाई. अंगणात मोठाल्या आफ्रिकी गोगलगाई शेकड्यांनी निघत; त्यांत परोपजीवी कृमी असतात, म्हणून त्यांना तोंड लावू द्यावयाचे नाही. वीतभर लांबीचा कानखजुरा तिला एकदा नाकावर डसला आणि दोन दिवस तिचे थोबाड वांग्यासारखे झाले.

मात्र सर्वांत अधिक धास्ती साचलेल्या पाण्याची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पावसाळा सरताना या बेटांवर एक विचित्र ताप येऊ लागला. फुफ्फुसांतून रक्तस्राव होऊन माणसे दगावत. त्याला अंदमानचा रक्तस्रावी ताप असेच नाव पडले होते. पुढे तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचे सिद्ध झाले, आणि पोर्ट ब्लेअरचे वैद्यकीय संशोधन केंद्र या रोगाच्या अभ्यासासाठी नावाजले गेले. उंदरांच्या मूत्रातून तो पाण्यात व चिखलात उतरतो. माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो, आणि कुत्र्यापासून घरातील माणसांना होऊ शकतो. त्याची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि पुढे दरवर्षी घ्यावयाची. चिकूची दुसरी मात्रा एप्रिलमध्येच झाली होती. तरीही पावसात मी तिला डबक्यातून जाऊ दिले नाही. आम्हा दोघांची पायधुणी मागील दारी होई; आधी तिचे चार पाय, मग माझे दोन.

जुलैतील एका पहाटे पाऊस थांबला होता. पाचला आम्ही खाली उतरलो. त्याच चढाच्या पायथ्याशी शहाळेवाला हातगाडी मांडीत होता. त्याने चिकूला ओळखले. मी शहाळे घेतले, पैसे देऊ लागलो, त्याने घेतले. मग तो तिच्यापाशी उकिडवा बसला आणि तिचे कान चाचपून म्हणाला, "दुबली हो गयी, अच्छा है." परतताना तो चढ ती माझ्या पुढे चढली. वरच्या वळणावर मलाच दम लागला आणि ती थांबून मागे पाहू लागली.

यंदा फेब्रुवारीत सांगलीला मेहुण्यांच्या मुलीचे लग्न होते. चार दिवसांसाठी पुन्हा विमानाचा त्रास तिला नको, म्हणून चिकूला माशिमांकडे ठेवले. साडीची घडी, वाडगे आणि वही बरोबर दिली. लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवात पाहुण्यांशी बोलता बोलता मला एकाएकी सपाटून भूक लागली. घड्याळात पावणेपाच वाजले होते. मांडवाच्या पत्र्यावर ऊन अजून कडक होते आणि पंगतीला बराच अवकाश होता. मी बाजूस जाऊन माशिमांना फोन लावला.

"खा लिया उसने?"

"कब का खा लिया. अभी दरवाजे पे बैठी है."

मेहुणे जवळच उभे होते. "काय म्हणते तुमची चिकू?" त्यांनी विचारले. जेवली, असे मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पंगतीची वाट न पाहता मला हाताला धरून आत नेले, आणि आचाऱ्याला सांगितले, "दाजींचं ताट आत्ता वाढा."